हॉलमधला एकुलता एक खिळा

आमच्या सणसरच्या घरात अकरा चित्रं आहेत आणि खिळा एक. हे ऐकून पाहुणे खो खो हसतात. खरं तर त्यांना हसायचा काही अधिकार नाही, कारण ती चित्रं त्यांनीच दिलेली आहेत.

घर बांधून पाच वर्षं झाली. बारामती-इंदापूर रस्ता सोडून आत वळलं की चहूकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध आमचं पिस्ता रंगाचं दुमजली घर. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी माझा नवरा ड्रिल मशीन घेऊन हॉलच्या दर्शनी भिंतीपुढे उभा राहिला. दाराच्या बरोबर समोरची ही भिंत; आत येणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडते. पहिलं भोक झकास पडलं. दुसरं पाडताना ड्रिल थेट आतल्या वायरीत घुसलं, फटकन आवाज झाला आणि अख्ख्या घराची वीज गेली. पंखे बंद, पाण्याची मोटार बंद, मागच्या मांडवात आचाऱ्याचा मिक्सर बंद. आबा, म्हणजे माझे सासरे, आले. त्यांनी भोकाकडे बघितलं, मग लेकाकडे बघितलं, आणि म्हणाले, "आता ह्या भितीला तिसरं भोक पडलं, तर ते माझ्या टाळक्यात पडंल."

दुसरं भोक पुट्टीनं बुजवलं. पहिल्यात एक दणदणीत हूक बसवला, त्यालाच आम्ही खिळा म्हणतो. आबांचा शब्द तो शब्द. आजतागायत त्या भिंतीत दुसरं काही घुसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि येताना फ्रेमा घेऊन आले. आमच्याकडे वास्तुशांतीला फ्रेम देतात. काचेखाली चित्र असतं, आणि चित्राच्या खाली ठसठशीत अक्षरांत 'सप्रेम भेट', देणाऱ्याचं नाव, गाव, आणि तो सोसायटीचा माजी संचालक असेल तर तेही. नाव चित्रापेक्षा लांबून दिसतं. बावड्याच्या वन्संनी, माझ्या थोरल्या नणंदेनं, चार फुटी धबधबा आणला. त्यात मागून ट्यूब लागते, पाणी खरोखर वाहिल्यासारखं हलतं आणि पाखरं ओरडतात. पाखरं तीनच आहेत, पण फार मन लावून ओरडतात. पिंपळीच्या मामांनी, म्हणजे सासूबाईंच्या भावानं, बर्फाचे डोंगर आणि लाकडी घर आणलं. नवऱ्याच्या मित्रांनी सात पांढरे घोडे दिले. कुणी मोरपिसातला गणपती, कुणी कधीच न आटणारं तळं. संध्याकाळपर्यंत दिवाणावर बसायला जागा उरली नाही.

मी बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. पुण्यात राहून चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलंय, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही. त्या संध्याकाळी मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आत्या, यातलं त्यातल्या त्यात बरं एक निवडू आणि लावून टाकू. बाकीची ठेवून देऊ." सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी पंगतीतला एक चांगला पाहुणा ठेवून बाकीच्यांना उठवायला निघालेय.

"अगं, मग बाकीची आल्यावर काय बघत्याल?" त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जी व्यवस्था लावली, ती अजून चालू आहे. सगळ्या फ्रेमा जुन्या लुगड्यांत गुंडाळून दिवाणाखाली उभ्या ठेवलेल्या असतात. फोन वाजतो, "आमी निघालोय." की लगेच सासूबाई हुकूम सोडतात; पण "घोडी काढा" असा नव्हे. चित्रात काय आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्या म्हणतात, "भवानीनगर काढा, बावडा लावा." सात घोड्यांचं नाव भवानीनगर, धबधब्याचं नाव बावडा. बर्फाच्या डोंगराचं नाव पिंपळी. पिंपळीहून निघालेला माणूस अर्ध्या तासात दारात उभा राहतो, बावड्याला तास-सव्वा तास लागतो. बावडा लावायला वेळ मिळतो, पिंपळीला धांदल होते. एकदा फोन न करताच पिंपळीचे मामा आणि बावड्याच्या वन्सं एकाच दिवशी आले. तेव्हा नवऱ्यानं पिंपळी खिळ्याला लावली आणि बावडा स्वतः छातीशी धरून "साफ करत होतो" असं म्हणत तासभर उभा राहिला.

मी सुरुवातीला या सगळ्याला भयंकर हसायचे. शाळेत शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना नक्कल करून दाखवायचे. चित्र डोळ्यांच्या उंचीवर लावावं, त्यावर चकाकी येऊ देऊ नये, शेजारी घड्याळ नसावं, हे मी शिकून आलेली. आणि इथं चित्र म्हणजे हजेरी! सगळ्यांत जास्त मी पिंपळीला हसायचे. बाहेर चाळीस डिग्री ऊन, कूलर घरघरतोय, आणि भिंतीवर बर्फ. आबासुद्धा त्या चित्रापुढे बसले की काळजीत पडायचे. "एवढ्या गारठ्यात वैरण कुठनं आणत असतील रं?"

मग एका दिवाळीत मामा आले असताना मी मुद्दाम विचारलं, "मामा, हेच चित्र का घेतलं हो तुम्ही?" मला वाटलं आता मजा येईल. मामा उठले, चित्राजवळ गेले आणि कोपऱ्यात बोट ठेवलं. लाकडी घराच्या मागं, कुंपणापाशी, सहा-सात पांढरे ठिपके होते. मी त्यांना दगड समजत होते.

"मेंढरं हायेत," मामा म्हणाले. "आमची हुती न्हवं पयली. आख्ख्या दुकानात मेंढरं असल्याली ही येकच फ्रेम हुती. बहिणीला बरं वाटंल म्हणून घेतली."

सासूबाईंच्या माहेरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत कळप होता हे मला माहीत होतं. त्या चित्रात तो आहे हे माहीत नव्हतं. मी, चित्रकलेची शिक्षिका, इतकी वर्षं त्या चित्रापुढून ये-जा करत होते आणि मला बर्फच दिसत होता. त्या दिवसापासून मी पिंपळीला हसणं बंद केलं. बावड्याला मात्र हसत राहिले, कारण ती पाखरं खरंच असह्य आहेत.

आता माझ्या चित्राकडे येते. लग्नानंतर बरीच वर्षं मी फक्त मुलांच्या वह्यांत आंबा आणि केळं दुरुस्त करत होते. मग नव्या घरात धान्याच्या खोलीला उत्तरेची खिडकी मिळाली. उत्तरेचा उजेड चित्रकाराला सोन्यासारखा. मी एक मोठा कॅनव्हास आणला आणि वर्षभर रविवारी, गव्हाची पोती एका बाजूला आणि युरियाच्या गोण्या दुसऱ्या बाजूला, अशी मधोमध बसून एक चित्र काढलं. उभ्या उसाच्या आतलं. बांधावरून सरीत वाकून बघितलं की दिसतो तो हिरवा, दाट अंधार, आणि खूप लांब, पलीकडच्या टोकाला, नखाएवढा उजेड. बस्स, एवढंच.

गंमत अशी, की ते चित्र जिथं ठेवावं तिथं वेगळं व्हायचं. धान्याच्या खोलीत ते खोलीचाच भाग वाटायचं. भिंत संपून पुढं ऊस सुरू झाल्यासारखं. सुकायला म्हणून बेडरूममध्ये ठेवलं तर नवऱ्यानं त्याच्या चौकटीवर पँट वाळत घातली. ओसरीवर ठेवलं तर आबा त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसले, पंधरा मिनिटं निरखून बघितलं आणि म्हणाले, "ही शहाऐंशी बत्तीस जात न्हाय उसाची. आन् ह्याला युरिया कमी पडलाय." सासूबाई म्हणाल्या, "आत कोण हाय का?" मी म्हटलं, "कोणी नाही." तर म्हणाल्या, "मग बरं. मला उगं वाटलं, कोणतरी हाक मारतंय."

एवढं चांगलं कुणी माझ्या चित्राबद्दल आजवर बोललेलं नव्हतं.

मागच्या थंडीत पुण्याहून सरांचा फोन आला. माझे कॉलेजातले सर. बारामतीला मुलांच्या स्पर्धेचे परीक्षक म्हणून येणार होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं एक प्रदर्शन पुण्यात भरणार होतं, आणि मी काही काढते का, असं त्यांनी सहज विचारलं. मी इतक्या जोरात "हो" म्हणाले, की अंगणातली कोंबडी उडाली. "रविवारी सकाळी येतो बघायला," सर म्हणाले. "भिंतीवर लावून ठेव. जमिनीवर टेकवलेलं चित्र मला दिसत नाही."

मला ते चित्र पुण्याला जायला हवं होतं. सरळच सांगते. शाळेतल्या आंब्या-केळ्यांच्या पलीकडे मी कुणी आहे, हे मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि तो एक रविवार हातात होता.

म्हणून मी सासूबाईंकडे एका दिवसासाठी खिळा मागितला.

"लाव की," त्या लगेच म्हणाल्या. मग तांदूळ निवडता निवडता थांबल्या. "पर कुणाचं म्हणून लावायचं?"

"माझं म्हणून."

"तुजं कसं? तू घरातली. घरातल्यानं घराला कुणी फ्रेम देतं व्हय?"

"दिलेलं नाहीये आत्या, काढलंय."

"काढलंय खरं," त्या म्हणाल्या. पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं हे मला त्यांच्या तांदूळ पाखडण्यावरून कळलं. बिननावाचं चित्र त्या भिंतीवर म्हणजे निमंत्रण नसलेला पाहुणा. कुणी विचारलं तर काय सांगायचं?

शनिवारी माझी सकाळची शाळा. दुपारी स्कूटर लावून आत आले, तर माझं चित्र खिळ्यावर लटकत होतं आणि हॉलभर ऑइल पेंटचा वास. मी जवळ गेले. चित्राच्या खालच्या भागात, जिथं सरीतली ओली माती मी तीन महिने रंगवली होती, तिथं पिवळ्या अक्षरांत, लाल सावलीसकट, 'सप्रेम भेट' असं लिहिलेलं होतं. दोन्ही बाजूंना एकेक टपोरं गुलाबाचं फूल. उसाच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर काढतात तसं. कारण ते ट्रॉलीवाल्या पेंटरनंच काढलेलं होतं. सासूबाईंनी त्याला शेजारच्या वस्तीवरून बोलावून घेतलं होतं. आणि त्या कलावंतानं, नेहमीच्या सवयीनं, उजव्या कोपऱ्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. बरोबर माझ्या सहीवर.

मी तापट आहे. माझ्या वर्गातली पोरं सांगतील. मी अशी ओरडले, की आबा गोठ्यातून वैरण अर्धी टाकून आले.

"माझ्या चित्रावर? आत्या, माझ्या चित्रावर?"

"मग काय कागद चिकटवायचा?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "रंगच चांगला. पुसत न्हाय."

तेव्हा मी 'सप्रेम भेट'च्या खालचं नाव वाचलं. माझ्या आईचं नाव होतं ते. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं 'इंदापूर'.

आई इंदापुरात राहते, दोन खोल्यांत, आणि ब्लाऊज शिवते. वडील मी लहान असतानाच गेले. वास्तुशांतीला ती सासूबाईंना लुगडं आणि स्वतः शिवलेली गोधडी घेऊन आली होती. फ्रेम तिनं आणली नव्हती. तिला ते सुचलंही नसेल. मी कधी त्याचा विचार केला नव्हता. 

"पण हे खोटं आहे! आईनं हे दिलेलंच नाही!"

"म्हंजी काय झालं?" असं म्हणून सासूबाई कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या. मला वाटलं, त्यांना काहीतरी एक नाव हवं होतं, आणि माझं माहेर आयतं सापडलं.

अजून रंग ओला होता. टर्पेंटाइननं पुसला असता. मी धान्याच्या खोलीत धावले, तर बाटली रिकामी. पेंटरनं तिच्यात आपले ब्रश धुतले होते, आणि उरलेलं सासूबाईंनी त्याला घरी न्यायला दिलं होतं. "आमच्यात काय उपेग त्याचा?" मी त्या रात्री जेवले नाही, आणि सगळ्यांनी शहाणपणानं मला जेवायचा आग्रहही केला नाही.

रविवारी सर अकराला येणार होते. साडेदहाला फोन वाजला. बावडा. "आमी इंदापूरच्या म्होरं आलोय," वन्सं म्हणाल्या. म्हणजे जेमतेम अर्धा तास.

नवरा यंत्रासारखा दिवाणाखाली घुसला आणि धबधबा घेऊन बाहेर आला. मी हात आडवे पसरून माझ्या चित्रापुढे उभी. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तेवढ्यात सासूबाई आतून आल्या आणि माझ्या सगळ्या आयुष्यात न ऐकलेलं वाक्य बोलल्या.

"ऱ्हाऊ दे. आज ह्येच ऱ्हाणार."

"आन् अक्काला काय सांगायचं?" नवरा धबधबा धरून तसाच.

"बिघडलाय म्हणून सांग. दुरुस्तीला दिलाय."

नवऱ्यानं धबधबा बेडरूममध्ये नेला. आणि आता 'बिघडलाय' असं सांगायचंच आहे तर तो खरंच बिघडलाय का हे बघावं, अशी बुद्धी त्या माणसाला झाली. त्यानं पिन लावली. पाणी सुरू झालं, पाखरं सुरू झाली, आणि बटण अडकलं. पिन सॉकेटमधून निघेना. त्याच क्षणी बाहेर दोन गाड्या थांबल्या. एकीतून सर उतरले, दुसरीतून वन्सं.

सगळे हॉलमध्ये बसले. आतून धबधबा कोसळतोय, पाखरं जिवाच्या आकांतानं ओरडतायत. सासूबाई म्हणाल्या, "तुझा धबधबा बिघडला गं, दुरुस्तीला दिलाय."

वन्संनी कान टवकारले. "मग पाखरं कुठं वरडत्यात?"

"उसात," आबा म्हणाले.

"आन् पाणी कुठं पडतंय?"

"उसातच. मोटार चालू हाय."

"आबा, रविवारी तुमच्याकडं मोटारीची लाईट नसती."

आता कुणालाच कुणाकडे बघता येईना. वन्सं उठल्या, बेडरूमचं दार ढकललं. आत माझा नवरा पलंगावर बसलेला, मांडीवर लख्ख पेटलेला धबधबा, आणि दोन्ही हातांनी तो पाखरांची तोंडं दाबायचा प्रयत्न करत होता. वन्सं दाराला धरून खालीच बसल्या. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग सासूबाई हसल्या, मग आबा, मग मी. सरांच्या हातातला चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला, तरी ते हसतायत.

"अगं वैनी," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्यात बी हेच हाय की! तुमी दिलेलं हरणाचं घड्याळ तुमी यायच्या आदी खिळ्याला लागतं. तुमी गेलात की परत माळ्यावर. त्याचे सेल पण आमी तुमी निघालात म्हटल्यावर घालतो."

इतकी वर्षं आम्ही बावड्याला जाऊन "घड्याळ अगदी बरोबर चालतंय हो" म्हणत होतो!

या सगळ्या गोंधळात सर उठून चित्रापुढे जाऊन उभे राहिले. हसू ओसरलं.  सर एक पाऊल मागं सरले, परत पुढं आले. मग म्हणाले, "हिरव्यातला हा काळोख... यात काळा वापरलेला नाहीस ना?" मी मान हलवली. "नाहीच वापरलेला. वा. उत्तम." मी जमिनीवर नव्हते. मग त्यांनी चष्मा पुसला, वाकले, आणि खाली वाचलं. गुलाब बघितले. मोबाइल नंबर बघितला. आणि परत हसू लागले.

"हे तू केलंस? कमाल आहे!"

मी खरं काय झालं ते सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, किती वाईट झालं. ते टाळी वाजवून म्हणाले, "पुसू नकोस! खबरदार! हेच तर चित्र आहे. नुसता ऊस चांगला होता, पण हे म्हणजे! पुण्यात लोक वेडे होतील. हे मी नेणार, आणि दारासमोरच्या भिंतीवर लावणार."

मी एक क्षण इतकी खूश झाले की उडीच मारणार होते. पुणे! दारासमोर! तेवढ्यात सर सासूबाईंकडे वळले आणि फार अदबीनं म्हणाले, "आई, पण हिच्या आईचंच नाव का घातलं तुम्ही?"

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "हिची आई येती, तवा भितीवर दुसऱ्याचंच कायतरी असतं. सगळी आपापलं बघत्यात. तिनं काय बघायचं? ती आली की मला लाज वाटती."

  या बाईनं पाच वर्षं हे बघितलं होतं. माझी आई बाकीच्यांसारखी भिंतीकडे बघते, आणि तिथं तिचं काही नसतं, हे मी, तिची मुलगी, एकदाही बघितलं नव्हतं.

"अरे वा!" सर म्हणाले. "हे तर त्याहून सुंदर. हे वाक्यसुद्धा शेजारी छापून लावू."

सर वाईट माणूस नाहीत. ते मनापासून बोलत होते. पण मला ती पुण्यातली भिंत दिसली. पांढरीशुभ्र, वरून छोटे दिवे, आणि पुढं उभी असलेली चांगल्या कपड्यांतली माणसं, जी माझ्या आईचं नाव वाचून एकमेकांना कोपर मारतायत. मी डबा खाताना हसायचे ना, तश्शीच. या खिळ्यावर ते नाव माझ्या आईला बसायला दिलेला पाट होता. तिथं तो विनोद झाला असता. अक्षर एक, रंग एक, गुलाबसुद्धा तेच.

"सर, असं नाही पाठवणार मी," मी म्हणाले.

सर थोडे गोंधळले. मग समजुतीनं म्हणाले, "बरं. मग पुसून दे. अजून पुरतं वाळलेलं नाही, निघेल. टर्पेंटाइन गाडीत आहे माझ्या. नुसता ऊसही मी घेतो. पण पुढच्या आठवड्यात यादी छापायला जाते, आजच सांग."

बाटली आली, फडकं आलं. सासूबाई पुढं झाल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पूस की. तुजं चांगलं हुतंय तर पूस. मी दुसरं कायतरी करीन."

त्यांनी तसं म्हटलं नसतं तर कदाचित मी पुसलं असतं. मी फडकं ओलं केलं, कोपऱ्यातला मोबाइल नंबर पुसला. खालून माझी सही निघाली, जरा लालसर झालेली. मग फडकं 'सप्रेम'च्या 'स'पाशी नेलं आणि तिथंच थांबले. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी फडकं खाली ठेवलं.

"दुसरं काही आहे का काढलेलं?" सरांनी विचारलं. नव्हतं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, सासूबाईंनी दिलेल्या पपया घेतल्या आणि ते गेले. प्रदर्शन झालं. मी बघायला गेले नाही. मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. वाटलं, आणि अजून कधीकधी स्कूटरवरून शाळेत जाताना वाटतं.

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी मला न विचारता इंदापूरला फोन केला आणि आईला बोलावून घेतलं. आई एसटीनं आली. आमच्या हॉलमध्ये ती नेहमी सोफ्याच्या अगदी कडेला बसते, मांडीवर पिशवी, कुणी उठवायच्या आधी उठायची तयारी असल्यासारखी. तशीच बसली. पाणी प्यायली. आणि मग तिची नजर वर गेली.

तिला लांबचं नीट दिसत नाही. शिवणाचा चष्मा लावून ती उठली, भिंतीपाशी गेली आणि एकेक अक्षर जोडत स्वतःचं नाव वाचलं. आयुष्यात तिचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत तिनं कधी बघितलं नसणार. ती माझ्याकडे वळली, मग सासूबाईंकडे. चेहरा घाबरलेला.

"ह्ये मी कवा दिलं?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"पोरगी दिली न्हाय का? तिच्यासंगट आलं."

एरवी मी उसळले असते. मी काय वस्तू आहे का, द्यायला आणि घ्यायला? शब्द ओठांवर आलेही होते. पण आई चित्राच्या आत बघत होती, त्या हिरव्या अंधारात, लांबच्या नखाएवढ्या उजेडाकडे. "ह्ये तू काढलंस?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले आणि मला रडू फुटलं, म्हणून चहाच्या निमित्तानं आत पळाले.

चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा तिची पिशवी जमिनीवर ठेवलेली होती, आणि आई सोफ्याला पूर्ण पाठ टेकून बसली होती.